घोडेपाडच्या वरचे मासे

ओशिरा, १८ जुलै १९९८

ताई,

पोचलो! तुझं घर जागेवर आहे, काकड्या जागेवर आहेत, आणि तुझा तो लाल कोंबडा माझ्या पोटरीवर आहे. दार उघडलं तोच अशी चोच मारली की अजून ठणकतेय. तू फुकुईच्या इस्पितळात कंबरेचं हाड सांधत पडलीस आणि हा पठ्ठ्या घरचा मालक होऊन बसलाय.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. नाहीतर मी कसला पत्र लिहिणारा! जन्म गेला नागोयात लोकांच्या दाढ्या करण्यात. दुकान जावयाच्या हाती देऊन आलो, तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता.

आता खरी बातमी. दाजींची बांबूची काठी माळ्यावर सापडली, आणि एका डबीत पिसं बांधलेले त्यांचे जुने गळही. पिशवी सोडायच्या आधी पुलाखाली गेलो. कावाई सोडल्यापासून हातात काठी धरली नव्हती ग! दोरी मागे उडवली, पुढे टाकली, पिसांची माशी पाण्यावर टेकली न टेकली तोच खट्! ट्राउट! मग दुसरा, मग तिसरा. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना माझे हात कधी कापले नाहीत, पण काल लटलट कापत होते. मी एकटाच ओरडलो. वरून म्हातारा इवाओ चालला होता, तो म्हणाला, "मासा लागलाय की साप चावलाय?"

एक मात्र आहे. इकडचे मासे फिकट. आपल्या कावाईच्या नदीतल्या माशांना अंगभर शेंदरी ठिपके असतात, इकडच्यांना एकही नाही. तुमच्या त्या सिमेंटच्या बंधाऱ्याचा चुना पाण्यात उतरत असणार, त्यानेच रंग उडाला असेल. चवीला ठीक होते.

तुझा
सेइसाकु

●

फुकुई, २१ जुलै

सेइसाकु, नालायका,

पुलाखालचे मासे खायचे आणि वर त्यांना फिकट म्हणायचं? खायचं नि नावं ठेवायची, दोन्ही एकाच तोंडाने? कोंबड्याला भाताचं पाणी घाल, म्हणजे तो चावणार नाही. आणि आता जरा बूड टेकून वाच, कारण तुला मी कोंबड्या राखायला बोलावलेलं नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी तू अकरा वर्षांचा होतास. आई तुला घेऊन घरीच राहिली होती, तेव्हा इथे काय झालं ते तुला ठाऊक नाही. बाबा आबुरासाकाची खिंड ओलांडून सकाळी यायचे होते. सगळे ताटकळत बसले. शेवटी त्यांच्याविनाच लग्नविधीचे साकेचे पेले फिरले, त्यांची बैठक रिकामी. दिवस कलला तेव्हा उगवले. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीला एक रिकामं लाकडी पिंप, आणि अंगाला साकेचा भपकारा. म्हणाले, "उशीर झाला. घोडेपाडच्या वर आपल्या नदीतले मासे सोडून आलो. पोरीला इथे कुणीतरी माहेरचं असावं."

सगळी पंगत हसली. सासूबाई म्हणाल्या, "व्याह्यांचे मासे खिंडीतल्या गुत्त्यात पोहत असतील."

तेव्हापासून ओशिरात कुणी थाप मारली की लोक म्हणतात, "हो, हो, फुसाएच्या बापाचे मासे!" यंदा बर्फ कमी पडेल म्हणावं, तरी हेच. शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात, त्यांना तर फुसाए कोण तेही माहीत नाही. घोडेपाडचा धबधबा कुठलाच मासा चढू शकत नाही, म्हणून वर मासे नाहीत, आणि वर मासे नाहीत म्हणून कुणी काठी घेऊन वर जात नाही. तुझे दाजी माझ्यासाठी एकदा गेले होते. घसरून पडले, दात पाडून घेतला आणि परत आले. भला माणूस, पण दगडावर उभं राहणं त्यांना कधी जमलं नाही.

मी सगळ्यांशी भांडत आले. पण तुला म्हणून सांगते, सेइसाकु, वास तर येत होता रे. मला स्वतःलाच माहीत नाही.

इवाओ हल्ली मासेमारी मंडळाचा प्रमुख आहे. बॉनचा सण उलटला की तो घोडेपाडच्या वर शेतातल्या तळ्यात वाढवलेली पिल्लं सोडणार आहे, ट्रक भरून. ती एकदा वर गेली की कोण कुणाचं, देवालाही सांगता येणार नाही. त्याच्या आत तू वर जा. आहेत की नाहीत, तेवढं सांग. नसले तर सरळ नाहीत म्हण, मला गोड बोलून फसवू नकोस. मी आता डोंगर चढणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

दाजींची माशी तिकडे चालायची नाही. बाबांची हवी. लहानपणी त्यांच्या माश्या मीच बांधायचे, हात विसरलेले नाहीत. कोंबड्याच्या मानेची पिसं पाठव.

फुसाए

●

ओशिरा, २५ जुलै

ताई!

अगं, पिंपच साकेचं होतं!

तुला हे कुणी सांगितलंच नाही? बाबांनी ते कावाईच्या भट्टीवाल्याकडून मागून आणलं होतं आणि घासायला मला बसवलं होतं. राख लावून घासलं, वाळूने घासलं, माझ्या हातांची सालं निघाली, तरी वास जाईना. आई म्हणाली, "ह्यात भात ठेवला तर भातालाही चढेल." मला वाटलं, लग्नात न्यायला काहीतरी असेल. बाबा पहाटे निघाले तेव्हा मी झोपलेलो होतो, त्यामुळे मासे मी पाहिले नाहीत. पण पिंप मी पाहिलंय! ह्या हातांनी घासलंय!

तसाच धावत इवाओकडे गेलो. तो काकडी खात बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दारूचं पिंप पाठीला बांधून निघालेला माणूस वाटेत पाणी पितो होय?" मी म्हटलं, "मी वर जाऊन मासा आणून दाखवतो." तर म्हणतो, "आण की. फुसाएच्या बापाचाच आण."

म्हणजे आता इज्जतीचा प्रश्न झाला.

मासे इवानाच असणार, मी विचार करून ठेवलाय. बाबा नेहमी सांगायचे ना, इवानासारखा चिवट मासा नाही, ओल्या शेवाळात गुंडाळला तरी डोंगर ओलांडेल. खिंड पार करायची तर दुसरा कुठला नेतील?

पिसं सोबत आहेत. कोंबड्याची मान भादरायची म्हणजे काय ते मला विचार. मी वस्तऱ्याने नाही, विनवण्या करून काढली. आता तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

सेइसाकु

●

फुकुई, २९ जुलै

सेइसाकु,

पिंपाची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाचून दाखवली, त्यांना काही कळलं नाही तरी त्या रडल्या. अख्खा जन्म गेला, आणि हे तू मला आता सांगतोस! तुझाही दोष नाही म्हणा, मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

पण इवाओ म्हणतो तेही खोटं नाही. पिंपाने वासाचं उत्तर दिलं, माशांचं नाही.

माश्या बांधल्या. नर्स चिनामी डॉक्टरांचा चिमटा घेऊन गळ धरून बसते आणि मी रेशमी दोरा गुंडाळते. परवा डॉक्टर फेरीला आले, तर चादरीवर सगळीकडे लाल पिसं. ते म्हणाले, "फुसाएबाई, इथे कोंबडी कुणी मारली?" चिनामी म्हणाली, "डॉक्टर, ही बोटांची कसरत आहे." पोरगी हुशार आहे.

पिसं गळाच्या दोरी ओवायच्या भोकाकडे झुकवून बांधली आहेत, बाबांच्या पद्धतीने, म्हणजे ओढली की पाण्यात मिटतात-उघडतात, जिवंत किड्यासारखी. दोरी पाण्याला टेकवू नकोस, नुसती माशी टेकव. प्रवाहाच्या खालून वर जा, सावली मागे पडू दे. आणि तोंडाने गप्प राहा. मासा घेतो तेव्हा हाताला कळायच्या आधी पाणी डोळा मिचकावतं, तेव्हा मनगट उचल.

दगडावर उभा राहताना दाजींची आठवण ठेव.

फुसाए

●

ओशिरा, ५ ऑगस्ट

ताई,

काल गेलो. तूच म्हणाली होतीस गोड बोलू नकोस, म्हणून सरळ लिहितो. नाहीत.

धबधब्याच्या बाजूने मुळ्या धरून चढलो. वर गेल्यावर वेडाच झालो, एवढं सुंदर पाणी! हिरवं, गार, तळाचा खडान् खडा दिसतो. आणि मासेही आहेत की, भरपूर! पहिल्याच डोहात तुझी माशी टाकली, पाण्याने डोळा मिचकावला, मी मनगट उचललं आणि काठी अशी वाकली की मी ती दोन्ही हातांनी धरली. वर काढला तर काय, आमागो. पुलाखाली असतात तसलाच साधा मासा, फक्त ह्याचे शेंदरी ठिपके शाबूत. पुढच्या डोहात आमागो, त्याच्या पुढच्यातही आमागो. पार ओढ्याच्या उगमापर्यंत गेलो, प्रत्येक दगडाखाली शोधलं. इवाना एकसुद्धा नाही. धबधबा कुठलाच मासा चढत नाही म्हणतात ते काही खरं नाही, हे पुलाखालचेच पुराच्या पाण्यात वर चढले असणार.

वर सिमेंट नाही ना, म्हणून रंग टिकलाय, माझं म्हणणं बरोबर निघालं. पण त्याचं आता काय करायचं?

तीन मोठे खाली आणले, मीठ लावून निखाऱ्यावर भाजले, डोकी कोंबड्यांना घातली. एकटाच बसून खाल्ले. इवाओला काही सांगितलेलं नाही. ताई, बाबांनी प्रयत्न केला असेल ग, मासे वाटेत मेले असतील. पिंप तरी खरं होतं.

तुझा
सेइसाकु

●

फुकुई, ८ ऑगस्ट

गाढवा! गाढवा! गाढवा!

तू बाबांचे मासे खाल्लेस!

अरे, खिंडीच्या ह्या बाजूला आमागो नसतात! आपल्या नद्या दक्षिणेच्या समुद्राला जातात, तिकडचा मासा ठिपकेवाला. इकडच्या नद्या उत्तरेच्या समुद्राला, इकडचा मासा यामामे, त्याला ठिपका नाही. जन्मतः नाही! चुना नाही, सिमेंट नाही, रंग उडालेला नाही! हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मला वाटलं तुलाही असेल. आमागो धबधबा चढत नाही, खिंड तर त्याहून चढत नाही. तो वर आला तो कुणाच्यातरी पाठीवर बसूनच आला.

मी पत्र वाचून एवढ्याने ओरडले की चिनामी धावत आली. तिला वाटलं दुसरं हाड मोडलं. मी तिला मिठी मारली, आधाराची काठी सोडून! डॉक्टर रागावले. रागावू दे.

कोंबड्यांना डोकी घातलीस! सेइसाकु, तुझं स्वतःचं डोकं कुठे ठेवलं होतंस? ताबडतोब वर जा. इवाओला घेऊन जा. त्याने डोळ्यांनी पाहिला पाहिजे, तुझ्या शब्दावर ओशिरात कोण विश्वास ठेवणार? तू माझाच भाऊ ना.

फुसाए

●

ओशिरा, ११ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र फाटकात उभं राहून वाचलं आणि तिथेच खाली बसून पुन्हा वाचलं. कोंबडा जवळ आला, त्यानेसुद्धा चोच मारली नाही. दया आली असावी.

मी जन्मभर लाल ठिपकेच पाहत आलो ग! ज्याला ठिपके नाहीत तोच मला चुकलेला वाटणार. घरचा मासा समोर आला आणि मी म्हटलं, हॅ, हा तर घरचाच.

इवाओकडे गेलो. तो म्हणाला, "आमागो? घोडेपाडच्या वर? दाखव." मी म्हटलं, "खाल्ले." "काटे?" "कोंबड्यांना." तो एवढा हसला की त्याच्या बायकोला पाणी आणावं लागलं. "साक्षीदार कोंबड्यांच्या पोटात! फुसाएच्या बापाचे मासे ते हेच!"

मी म्हटलं, "मग उद्या चल माझ्याबरोबर." तर तो गंभीर झाला. बॉन आलाय. पूर्वज घरी येतात त्या दिवसांत ओशिरात कुणी जीव मारत नाही, गळसुद्धा टाकत नाही. मी कितीही हातपाय आपटले तरी तो ऐकेना. सण सोळाला संपतो आणि पिल्लांचा ट्रक अठराला सकाळी येतो. शेवटी म्हणाला, "सतराला येतो. मासा दिसला तर ट्रक परत. नाही दिसला तर वरची पिल्लं तू पाठीवर वाहायची, एकट्याने." मी हो म्हटलं.

आणि आता आभाळ भरून येतंय. नदी चढली तर घोडेपाडकडे कुणाला जाता येणार नाही.

तुझी एकच माशी शिल्लक आहे. बाकीच्या झाडांत अडकल्या.

सेइसाकु

●

फुकुई, १४ ऑगस्ट

सेइसाकु,

इथे पाऊस पडतोय. तिथेही पडत असणार. मी खिडकीशी बसून ढगांना शिव्या देतेय.

जेवणाच्या ताटातली काकडी वाचवून तिला काड्यांचे चार पाय लावले आणि बॉनला पूर्वज ज्यावर बसून घरी येतात तो घोडा बाबांसाठी केला. दिवा लावायला परवानगी नाही, म्हणून चिनामीने बॅटरी दिली. बाबांना म्हटलं, ह्या खेपेला तरी वेळेवर या.

पिसं नाहीत, दोरा नाही, म्हणून नवी माशी पाठवता येत नाही. ती एक जपून टाक. आणि नदी फार चढली असेल तर जाऊ नकोस. मासे गेले तर गेले, भाऊ मला एकच आहे.

फुसाए

●

ओशिरा, १७ ऑगस्ट

ताई, ताई, ताई!

अंगावरचे ओले कपडेही काढलेले नाहीत, आधी लिहितोय.

पहाटे पाऊस थांबला. नदी गढूळ, पण इवाओ म्हणाला, वरचं पाणी लवकर निवळतं. त्याचं वय सत्तर, ताई, आणि चढला असा की मीच मागे राहिलो! धबधब्यापाशी मला वर ओढताना म्हणतो, "तुझ्या बापाने इथून भरलेलं पिंप चढवलं म्हणतोस? पाणी सांडल्याशिवाय?" मला स्वतःलाच वर बघून खरं वाटेना.

वर पाणी अजून भुरकट. पहिला डोह, काही नाही. दुसऱ्यात पाण्याने डोळा मिचकावला, पण मी घाईने ओढलं, सुटला. तिसऱ्यात पुन्हा सुटला. डोक्यात एकच, हा नाही मिळाला तर ताईला काय सांगू? पुन्हा आभाळ काळं व्हायला लागलं. इवाओ म्हणाला, "नदी फुगण्याआधी उतरायला हवं. एक डोह, बस." मी काठी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "माझ्याने होत नाही. तू टाक."

त्याने तुझी माशी बोटांत धरली, वळवून वळवून पाहिली. "ही फुसाएने बांधली? इस्पितळात?" मग तो एका खडकामागे वाकला आणि त्याने ती अशी टाकली, ताई, की पाण्याला कळलंसुद्धा नाही. एकदा पिसं मिटली, उघडली. दुसऱ्यांदा मिटली. आणि पाणी फाटलं! काठी कमान झाली, इवाओ ओरडतोय "जाळी! जाळी!", मी कमरेपर्यंत पाण्यात, टोपी वाहून गेली, आणि जाळीत तो! वीतभराहून मोठा! दोन्ही अंगांवर शेंदरी ठिपके, नुकते लावल्यासारखे ओले.

मी नाचत होतो. इवाओ नाचला नाही. जाळी पाण्यातच धरून तो दगडावर बसला आणि माशाचे ठिपके बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मी हसलो होतो. वीस-एकवीसचा होतो, पाहुण्यांसमोर शहाणपणा दाखवायचा होता. ती 'फुसाएच्या बापाचे मासे' म्हण माझीच. मीच पहिल्यांदा म्हणालो."

मग त्याने टोपी काढली आणि धबधब्याकडे तोंड करून वाकला. "म्हातारबा, उशीर तुम्हाला नाही झाला. आम्हालाच झाला."

ट्रक परत जाणार. पिल्लं पुलाखाली सोडणार, वर एकही नाही. घोडेपाडच्या वर आता मंडळाची पाटी लागेल, गळ टाकायचा नाही म्हणून. पाटीवर काय लिहायचं ते तुला विचारायला सांगितलंय.

मासा सोडला. ह्या वेळी खाल्ला नाही!

सेइसाकु

●

फुकुई, २० ऑगस्ट

सेइसाकु,

पत्र चिनामीने वाचून दाखवलं, मला अक्षरं दिसत नव्हती. ती "म्हातारबा" ला पोचली आणि तिनेही कागद खाली ठेवला. मग शेजारच्या बाईंनी पुढचं वाचलं.

मी खूप सुखात आहे. एवढंच सुचतंय. मी नवरी होऊन मान खाली घालून बसले होते, आणि बाबा तेव्हा घोडेपाडच्या वर माशांना पाण्यात सोडत होते. त्यांनी थांबून पाहिलं असेल ना रे, ते पोहायला लागेपर्यंत? थांबलेच असतील. म्हणून उशीर झाला. आणि खाली आल्यावर सगळे हसले, तर त्यांनी एकदाही वाद घातला नाही. नुसते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं होतं, प्यायल्यामुळे हसतायत.

पाटीवर "फुसाएच्या बापाचे मासे" एवढंच लिहा म्हणावं. म्हण इवाओची आहे, त्यानेच रंगवावी. आता ओशिरात थापेला काय म्हणणार?

डॉक्टर म्हणतात, काठीने चालेन, पण डोंगर नाही. चालेल. बाबांचा मासा तिथे आहे हे कळलं, बघायची हौस करू नये. तरीही त्या ठिपक्यांबद्दल पुढच्या पत्रात जरा आणखी लिही. किती मोठे होते, किती लाल?

फुसाए

●

ओशिरा, २३ ऑगस्ट

ताई,

थापेला आता "सेइसाकुचा चुना" म्हणतात. इवाओनेच सुरू केलं. काल त्याची बायको म्हणाली, "संध्याकाळी लवकर येतो म्हणता, की सेइसाकुचा चुना?" मी काही बोललो नाही, घरची परंपरा आहे.

ठिपक्यांबद्दल मला लिहिता येत नाही. म्हणून सत्तावीसला पहाटे मी आणि इवाओ वर जातोय. एक मासा आणायचा, तुला दाखवायचा आणि त्याच दिवशी परत नेऊन सोडायचा. इवाओ फुकुईपर्यंत गाडी चालवणार, वाटेतल्या प्रत्येक झऱ्याला थांबून पाणी बदलायचं ठरलंय. चिनामीला सांग, मोठं घमेलं तयार ठेव, आणि डॉक्टरांना काही सांगू नकोस.

प्लास्टिकची बादली इवाओला पसंत नाही. त्याने गोदामातून लाकडी पिंप काढलंय. साकेचं आहे. दिवसभर राखेने घासतोय, वास जात नाही.

तेव्हा ताई, उशीर झाला तर वाट बघ. आणि आम्ही आल्यावर कुणी नाकाला पदर लावून हसलं, तर तू हसू नकोस. पिंपात वाकून बघ.

सेइसाकु